चढावर गाडी दम टाकते तेव्हा ईसीएमला काय दिसलेलं असतं

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तासगावकडची तुमची बीएस-४ कॉमन रेल पिकअप रिकामी असली की झकास पळते. द्राक्षबागेच्या मांडवासाठी पुण्याहून अँगल आणि तार भरून येताना मात्र खंबाटकीच्या चढाला अर्ध्यावर तिचा दम जातो, इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि कितीही रेस दिली तरी गाडी ओढत नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा काही वेळ बरी चालते. गावातल्या मिस्त्रींनी "ईसीएम गेलाय, बदलून टाका" असं सांगितलंय, आणि ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर असलेला हा डबा नेमकं करतो काय ते तुम्हाला समजून घ्यायचंय.

खर्च करायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. सांगलीत डिझेल इंजेक्शन आणि गाडीच्या वायरिंगचं काम मी बरीच वर्षं करतोय. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा कौल असा आहे की ईसीएम शाबूत असावा. चढ आला की बिघडला आणि चावी फिरवली की सुधारला, असं ईसीएमचं सहसा होत नाही. त्याला चढावर काहीतरी दिसतंय आणि ते दिसल्यावर तो मुद्दाम ताकद काढून घेतोय. काय दिसतंय हे शोधायचं असेल तर तो कशाकशाकडे बघत असतो ते आधी कळायला हवं.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात पायाखालची केबल थेट पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलची मात्रा ठरवणारी पट्टी, सरकवायची. प्रत्येक सिलिंडरला पंपात वेगळा प्लंजर (दट्ट्या), तोच डिझेल मोजणार, तोच दाबणार, आणि दाबाने नोझलची स्प्रिंग उचलली की डिझेल आत. दाब, वेळ आणि मात्रा ही तिन्ही कामं एकाच यंत्रात जखडलेली होती. बॉशने १९२७ मध्ये असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली आणि पुढची सत्तरेक वर्षं जग त्यावरच चाललं. आपले जुने ट्रॅक्टर अजून चालतात. त्यात इंजिन हळू फिरत असलं की दाबही कमी, आणि दाब कमी म्हणजे डिझेलचा फवारा जाड आणि धूर काळा.

कॉमन रेलने ही तिन्ही कामं वेगळी केली. डेन्सो या जपानी कंपनीने १९९५ मध्ये ट्रकसाठी आणि बॉशने १९९७ मध्ये कारसाठी ही पद्धत बाजारात आणली. यात हाय प्रेशर पंपाचं काम एकच, रेल नावाच्या जाड पोलादी नळीत डिझेल दाबून भरून ठेवायचं. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, हा दाब साधारण २५० ते ३५० बार असतो, पूर्ण लोडला १६०० बार किंवा त्याहून वर जातो. गाडीच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते, म्हणजे हा आकडा केवढा आहे ते लक्षात घ्या. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं कोणतं इंजेक्टर कधी उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हे सगळं ईसीएम ठरवतो.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा तुम्ही डिझेल मागत नसता, ओढ मागत असता. पेडलला केबल नाही, दोन सेन्सर आहेत. बहुतेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट ठेवलेला असतो. दोघांचा हिशोब जुळला तरच ईसीएम त्यावर विश्वास ठेवतो. एक तुटला किंवा दोघांत तफावत आली की तो पेडलचं ऐकणं बंद करतो आणि इंजिन ठरावीक रेसवर धरून ठेवतो, कारण पेडल अडकून गाडी सुसाट सुटण्यापेक्षा गाडी हळू चाललेली बरी. पुढचं सगळं या एकाच तत्त्वावर चालतं: प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघायची, आणि जुळलं नाही तर सावध व्हायचं.

मागणी कळली की ईसीएम दर स्फोटाला किती डिझेल लागेल ते काढतो. मग त्या आकड्याला कात्री लागत जाते. हवा पुरेशी नसेल तर धुराच्या मर्यादेपर्यंत डिझेल कमी. इंजिन तापलं असेल तर कमी. गिअरबॉक्स आणि क्रँकला झेपणारी ओढ ओलांडत असेल तर कमी. उरलेला आकडा रेलमधल्या त्या क्षणाच्या दाबावरून वेळेत बदलला जातो. दाब जास्त असेल तर इंजेक्टर थोडा वेळ उघडलं तरी पुरतं, कमी असेल तर जास्त वेळ उघडावं लागतं. म्हणून रेल प्रेशर सेन्सर खोटं बोलू लागला की गाडी एकतर धूर ओकते नाहीतर मरगळते. बहुतेक ठिकाणी या सेन्सरला ५ व्होल्ट पुरवठा असतो, दाब शून्य असताना तो सुमारे अर्धा व्होल्ट परत देतो, आणि दाब वाढला की तो आकडा साडेचारच्या दिशेने चढत जातो. चावी ऑन, इंजिन बंद आणि गाडी बराच वेळ उभी असताना त्याने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवलं नाही तर पुढे जाऊच नका, आधी तो सेन्सर आणि त्याची वायर बघा.

वेळेचा हिशोब तर मला आजही थक्क करतो. फ्लायव्हीलजवळच्या दातेरी चाकावर बऱ्याच इंजिनांत ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात. प्रत्येक दात म्हणजे ६ अंश, आणि गाळलेल्या जागेवरून ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते समजतं. कॅम सेन्सर सांगतो की हा पिस्टन दाब देतोय की धूर बाहेर टाकतोय. २००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ३० मिलिसेकंदांत होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १५ मिलिसेकंदांनी एक स्फोट, आणि १ अंश म्हणजे मिलिसेकंदाचा जेमतेम बारावा हिस्सा. एवढ्या वेळेत ईसीएम त्याच सिलिंडरला आधी एक-दोन घनमिलिमीटरचा पायलट फवारा देतो, मग मुख्य. पायलटमुळे सिलिंडरमध्ये आधीच उष्णता तयार होते, मुख्य डिझेल एकदम भडकत नाही आणि जुन्या डिझेलचा तो खडखडाट गायब होतो. कॉमन रेल गाडी अचानक ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली तर एखाद्या इंजेक्टरचा पायलट फवारा बसत नाहीये, असा पहिला संशय घ्यायचा.

त्याच दातेरी चाकावरून आणखी एक माहिती मिळते. प्रत्येक स्फोटानंतर क्रँक किती जोरात पुढे ढकलला गेला, हे दातांच्या वेगावरून ईसीएमला कळतं. आयडलला एक सिलिंडर कमी ढकलत असेल तर तो त्याला थोडं जास्त डिझेल देतो, जास्त ढकलणाऱ्याचं कमी करतो. स्कॅनरवर, म्हणजे ईसीएममधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, हे चारही आकडे दिसतात. तीन सिलिंडरचे आकडे शून्याजवळ आणि एकाचा बराच वर असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तिथंच बघायचं.

हवेचं थोडक्यात सांगतो. पेट्रोल गाडीत हवा आवळून ताकद कमी-जास्त करतात, डिझेलमध्ये डिझेलच कमी-जास्त करतात. नव्या डिझेल गाड्यांत थ्रॉटल फ्लॅप दिसतो, पण तो ईजीआरच्या (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेच्या) आणि इंजिन न हादरता बंद करण्याच्या कामाचा. ईसीएम हवेचं वजन, टर्बोचा (हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याचा) दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब मोजत असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्के कमी भरतो. जुना पंप तिथं गेल्यावर धूर सोडायचा, ईसीएम मात्र तेवढं डिझेल आपोआप आवरतो. ईजीआरला पत्रा मारून बंद करायची आपल्याकडे फार सवय आहे, आणि मी कुणालाही तसं करून देत नाही. ईजीआर उघडला की बाहेरून येणारी ताजी हवा कमी व्हायला हवी हे ईसीएमला माहीत असतं. ती कमी झाली नाही की ईसीएममध्ये दोषाचा कोड पडतो, आणि काही गाड्यांत ताकदही कमी होते. शिवाय त्या पत्र्यामुळे विषारी धूर वाढतो तो वेगळाच.

आता तुमचा चढ. लोड भरून घाट चढताना पेडल पूर्ण दाबलेलं असतं, आणि ईसीएम समजा १४०० बार मागतो. पंपाला त्या वेळी दोन गोष्टी पुरवाव्या लागतात, सिलिंडरमध्ये जाणारं डिझेल आणि इंजेक्टरमधून रिटर्न पाइपने टाकीत परत जाणारं डिझेल. फिल्टर चोंदलेला असेल तर पंपाला पुरेसं डिझेल मिळत नाही. इंजेक्टर झिजले असतील तर रिटर्न वाढतं. त्यात घाट चढताना डिझेल तापून पातळ होतं, म्हणजे झिजलेल्या जागेतून आणखी गळतं. मागणी १४००, प्रत्यक्षात ११००. ही तफावत काही सेकंद टिकली की ईसीएम कोड नोंदवतो, दिवा लावतो आणि डिझेल कमी करून गाडी लिंप मोडमध्ये टाकतो. चावी बंद-चालू केली की बऱ्याच गाड्यांत तो पुन्हा कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. सपाटीला एवढा दाब मागितलाच जात नाही, म्हणून तिथं सगळं ठीक वाटतं. सांगली-मिरज रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून हा दोष कुणालाही दिसणार नाही, आणि बहुतेक ठिकाणी चाचणी तिथंच घेतली जाते.

म्हणून पहिलं काम म्हणजे कोड वाचून लिहून घेणं. पुसायचे नाहीत. कोडबरोबर दोष पडला त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात, म्हणजे आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान. पुसलं की तेही जातात. पी ००८७ दिसला तर रेलचा दाब कमी पडला. पी ०२९९ असेल तर टर्बोचा दाब कमी पडला. इथं एक गोष्ट पक्की धरा. पी ००८७ आला म्हणजे रेल सेन्सर बदला, असा त्याचा अर्थ होत नाही. सेन्सरने जे पाहिलं ते सांगितलं. दाब का पडला हे शोधायला माणूस लागतो.

दुसरं काम म्हणजे स्कॅनर लावून, माल भरून, चढावरच गाडी चालवायची आणि बाजूला बसलेल्याने चार आकडे बघायचे: रेलचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब, टर्बोचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब. रेलचा दाब आधी पडला तर दोष डिझेलच्या बाजूला. रेल मागणीबरोबर चढतेय पण टर्बो मागे राहतोय, तर इंटरकूलरचे होज, क्लिप, व्हॅक्यूमची बारीक नळी आणि टर्बोचा ॲक्च्युएटर बघा. फाटलेला होज गार असताना हाताला समजतही नाही, दाब आला की उघडतो. दोन्ही जोड्या शेवटपर्यंत बरोबर चालतायत आणि तरी ताकद जातेय, तर पेडल, तापमानाचे सेन्सर किंवा ज्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे त्यांनी डीपीएफ बघायचा.

बीएस-६ गाडी असलेल्यांसाठी इथंच दोन वाक्यं जास्त. डीपीएफमधली काजळी जाळायला ईसीएम उशिराने जादा डिझेल मारून एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतो, आणि गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरली तर हे काम अर्धवट राहून ते डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर समाधान मानू नका, ऑइल लगेच बदला.

तुमच्या गाडीत मला डिझेलच्या बाजूचा संशय जास्त आहे, आणि त्याचं कारण आपल्या भागातलं आहे. ट्रॅक्टरसाठी शेतावर बॅरल किंवा कॅनमध्ये डिझेल ठेवलेलं असतं, आणि कधीतरी तेच पिकअपमध्ये ओतलं जातं. बॅरल अर्धं रिकामं असलं की रात्रीच्या गारठ्यात आत दव धरतं, पाणी तळाला बसतं. वर धूळ, गंज. मेकॅनिकल पंप असलं डिझेल बराच काळ सहन करतो. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधल्या हलत्या भागांची फट दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. डोळ्याला स्वच्छ दिसणारं डिझेलसुद्धा त्याच्यासाठी घाण असू शकतं. पिकअपमध्ये बॅरलचं डिझेल घालणं आजपासून बंद करा, हे मी हात जोडून सांगतो. फिल्टरही नावाजलेल्या कंपनीचाच आणि पावती घेऊन घ्या. स्वस्त फिल्टरचा कागद वेगळा असतो, आणि तो फरक नंतर इंजेक्टरच्या बिलात दिसतो.

वायरिंगचंही बोलायला हवं, कारण चांगला ईसीएम चुकून बदलला जातो तो बहुतेक वेळा वायरिंगच्या दोषामुळे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि हातबदल होऊन कुठं कुठं गेल्यात. कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवा थर दिसतो. तुमची गाडी जुनी घेतलेली असेल तर हे नक्की तपासा. आणखी एक, अनेक सेन्सरना ईसीएम एकाच ५ व्होल्टच्या वायरने पुरवठा करतो. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे आकडे एकदम वेडेवाकडे होतात आणि पाच-सहा असंबद्ध कोड एकत्र पडतात. अशा वेळी पाच-सहा सेन्सर बदलायचे नसतात. एकेक कनेक्टर काढत जायचं, कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतो ते मल्टिमीटरवर बघायचं. इंजिनची अर्थ वायरही तशीच दुर्लक्षित. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर आधी अर्थिंग घासून घट्ट करा.

ईसीएम खरोखर जातो का? जातो. आत पाणी शिरलं, जंप स्टार्ट करताना बॅटरी उलटी जोडली, किंवा बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग केलं की जातो. आपल्याकडे पिकअपला जाळी, अँगल वेल्ड करून घेतात, त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायला लावा. पण ईसीएम गेला असं म्हणणाऱ्याने निदान एवढं मोजून दाखवायला हवं: डब्याला पुरवठा आणि अर्थ बरोबर येतोय, तरी ५ व्होल्ट बाहेर पडत नाही, किंवा स्कॅनरशी तो बोलत नाही, किंवा इंजेक्टर आणि वायर ठीक असूनही त्याला पल्स जात नाही. भंगारातला दुसरा डबा आणून लावला म्हणजे काम झालं, असंही नसतं. इमोबिलायझर (चावी ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा) जुळवावा लागतो, इंजेक्टरचे कोड भरावे लागतात. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा कोड असतो, त्यावरून ईसीएमला त्या नगाची बारीक उणीव-अधिकता कळते. इंजेक्टर काढले तर ज्या सिलिंडरचं त्यालाच परत बसवायचं, आणि नवं लावलं तर कोड भरल्याशिवाय गाडी घेऊन निघायचं नाही.

आणि हे कळकळीने सांगतो. जुन्या गाडीत मिसिंग शोधायला चालू इंजिनवर नोझलच्या पाइपचा नट सैल करायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये ते अजिबात करू देऊ नका. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घुसवते. वरून फक्त टिपका दिसतो आणि आत बोट सडतं. असं झालंच तर वेळ न घालवता थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं. इंजेक्टरच्या वायरलाही चालू इंजिनवर हात नको, तिथं उघडतानाचा व्होल्टेज ६५ च्या वर असतो.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. कोड लिहून घ्या. डिझेल फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओता आणि तासभर ठेवा. तळाला पाण्याचा थर किंवा चमकणारा चुरा दिसतो का ते बघा. नवा फिल्टर टाका. टाकी ते पंप या ओढणाऱ्या नळीत, फक्त त्याच कमी दाबाच्या बाजूला, थोडा पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे येतात का बघा. टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला तर टाकीचा श्वास बंद झालाय. एवढ्यावरच बऱ्याच गाड्या सुधारतात. नाही सुधारली तर इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावून चाचणी घ्या. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा कितीतरी लवकर भरते ते इंजेक्टर गेलं. चारही सारखी आणि कमी भरत असतील तर पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा), आणि सगळ्यात शेवटी पंप.

काचेच्या बाटलीत चमकणारा धातूचा चुरा दिसला तर मात्र क्रम बदलतो. पंप आतून घासला जातोय आणि तो चुरा रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये पोहोचलाय, असं धरून चाला. गाडी चालवू नका, टोचन करून आणा. नुसता पंप बदलला तर आत राहिलेला चुरा इंजेक्टर खराब करत राहील. टाकी, सगळ्या नळ्या आणि रेल धुवून, इंजेक्टर बेंचवर तपासून, मगच नवा पंप चढवायला सांगा. आणि बिल देण्याआधी पुन्हा माल भरून त्याच चढावर मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब बरोबर चालतो, हे स्कॅनरवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा.